रियाजाच्या शेवटी जमलेला कायदा दुसऱ्या दिवशी का मोडतो?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण चार वर्षे तबला शिकत आहात आणि नोकरी सांभाळून रोज रात्री दीड तास रियाज करता. ‘धा धा तिट धा धा तिना’ हा दिल्लीचा कायदा (विस्तार करता येणारी बोलांची मूळ रचना) आणि त्याचे पलटे (तेच बोल फिरवून केलेले विस्तार) आपण ॲपवरच्या लहेऱ्याबरोबर (ताल दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) अर्धा अर्धा तास सलग वाजवता. बराबरीपासून, म्हणजे मूळ लयीपासून, सुरुवात करून शेवटी चौगुन, म्हणजे चौपट, १०० च्या लयीत (मिनिटाला १०० मात्रा) स्वच्छ निघते. दुसऱ्या दिवशी मात्र तोच कायदा ८० च्या लयीतच अडखळतो, आणि वर्गात गुरुजींसमोर बसल्यावर तर तिट दबून जाते व खालीत (जिथे डग्गा, म्हणजे डाव्या हाताचे वाद्य, बंद ठेवायचे असते त्या भागात) डावा हात चुकतो. तेव्हा रियाज तीन तासांवर न्यावा का, की तिशीनंतर हात तयारच होत नाही, असे आपण विचारले आहे.

मी तबला शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांत नोकरी करून शिकणारे प्रौढच अधिक असल्यामुळे हे गाऱ्हाणे मी सतत ऐकत आलो आहे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता हालचालीची कौशल्ये माणूस कशी आत्मसात करतो यावरचे संशोधनही वाचत आलो आहे. वयाची काळजी आपण बाजूला ठेवावी. ज्याचा हात रात्री १०० च्या लयीत चौगुन स्वच्छ काढतो, त्याच्या बोटांत ती क्षमता आहे हे त्याच रात्री सिद्ध झालेले असते. प्रश्न आहे तो ती क्षमता दुसऱ्या दिवशी, काहीही तयारी नसताना, हाताला परत का सापडत नाही हा. आणि त्याचे कारण बहुधा रियाजाच्या रचनेत आहे. बहुधा अशासाठी म्हणतो की मी आपला हात पाहिलेला नाही. निकासच, म्हणजे बोल हाताने काढण्याची पद्धतच, चुकीचा असेल तर पुढचे सगळे विवेचन दुय्यम ठरेल, आणि त्याविषयी मी शेवटी लिहिले आहे.

या विषयातील सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की सरावाच्या वेळी दिसणारी कामगिरी आणि टिकाऊ शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधीकधी त्या परस्परविरुद्ध दिशांनी जातात. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी केलेला प्रयोग याबाबतीत मूलभूत मानला जातो. हातात टेनिसचा चेंडू घेऊन समोरचे छोटे लाकडी अडसर ठरलेल्या क्रमाने शक्य तितक्या वेगाने पाडायचे, असे काम त्यांनी दिले होते. असे तीन वेगवेगळे क्रम होते आणि प्रत्येकाचे १८, म्हणजे एकूण ५४ प्रयत्न करायचे होते. एका गटाने पहिल्या क्रमाचे सर्व प्रयत्न संपवून मग दुसरा आणि मग तिसरा क्रम घेतला. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम मिसळून दिले, त्यामुळे पुढच्या खेपेला काय येणार याचा त्याला अंदाज नसे. सरावाच्या काळात पहिला गट स्पष्टपणे पुढे होता. १० मिनिटांनी आणि पुन्हा १० दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा मिसळून सराव केलेल्या गटाने बाजी मारली, आणि परीक्षाही मिसळून घेतली तेव्हा सलग सराव केलेल्यांची तर फारच पडझड झाली.

आपल्या रियाजाकडे या दृष्टीने पाहा. एकच कायदा अर्धा तास सलग वाजवताना पहिल्या काही आवर्तनांनंतर (तालाच्या फेऱ्यांनंतर) त्या बोलांचा आराखडा डोक्यात तयारच असतो आणि हात तो केवळ पुढे चालू ठेवतो. तो आराखडा स्मरणातून उभा करणे, पहिली धा कोणत्या वजनाने पडायची, तिट कोणत्या लयीत बसायचे, हे नव्याने ठरवणे, हे काम त्या अर्ध्या तासात एकदाच, अगदी सुरुवातीला, होते. दुसऱ्या दिवशी आणि वर्गात आपल्याकडून नेमके तेच काम मागितले जाते. ज्याचा सराव रात्रीतून एकदाच होतो ते कच्चे राहणार, आणि ज्याचा शेकडो वेळा होतो ते, म्हणजे चालू असलेले पुढे चालवणे, पक्के होणार. दोन-चार कायद्यांमध्ये सतत अदलाबदल करणाऱ्याला मात्र दर वेळी मागचे पुसून पुढचे उभे करावे लागते. ते त्रासाचे असते, त्या रात्री वाजवणे खराब दिसते, आणि माझ्या मते तो त्रास हेच त्याचे काम आहे.

इथे एक फसगत होते, जिच्यामुळे प्रामाणिक विद्यार्थीही वर्षानुवर्षे चुकीच्या पद्धतीला चिकटून राहतात. २००१ मध्ये डॉमिनिक सायमन आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी शिकणाऱ्यांनाच विचारले की उद्याच्या परीक्षेत आपले कसे होईल असे तुम्हाला वाटते. सलग सराव केलेल्यांना आपले चांगलेच होईल असा विश्वास होता, आणि दुसऱ्या दिवशी तो खोटा ठरला. शेवटच्या दहा मिनिटांत हात सरसर चालला की ‘आज कायदा बसला’ अशी भावना होणे स्वाभाविक आहे, पण ती भावना उद्याविषयी फारसे काही सांगत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक वही ठेवायला लावतो. तिच्यात रियाजाच्या शेवटी गाठलेली लय लिहायची नाही. रोज बसल्याबरोबर, हात गरम न करता, कायदा एकदाच वाजवायचा आणि न अडखळता कोणत्या लयीत निघाला तेवढाच आकडा लिहायचा. आपला खरा आकडा आज १०० नसून ८० च्याही थोडा खाली आहे, आणि आपल्याला वाढवायचा आहे तो हा आकडा.

आता यातील मर्यादा. मिसळून केलेल्या सरावाचा फायदा प्रयोगशाळेतील सोप्या कामांत जितका ठळक दिसतो तितका तो मैदानावर किंवा वर्गात दिसत नाही. २००४ मध्ये फ्रँक ब्रॅडी यांनी तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा प्रत्यक्ष खेळांत हा परिणाम बराच क्षीण आढळला. दुसऱ्या बाजूला, १९९४ मध्ये महाविद्यालयीन बेसबॉलपटूंवर झालेल्या एका प्रयोगात तीन प्रकारचे चेंडू मिसळून खेळणाऱ्यांची फलंदाजी सुमारे ५७ टक्क्यांनी सुधारली, तर एकेक प्रकार सलग खेळणाऱ्यांची सुमारे २५ टक्क्यांनी. म्हणजे फायदा होतो, पण कोणाला, कोणत्या टप्प्यावर आणि किती, हे ठरलेले नाही. मार्क ग्वाडान्योली आणि टिमथी ली यांनी २००४ मध्येच मांडलेला विचार मला वर्गातील अनुभवाशी सर्वाधिक जुळणारा वाटतो: शिकणाऱ्याच्या कुवतीच्या मानाने अडचण बेताची असावी. ज्याला तिटची बोटे अजून शोधावी लागतात, त्याला चार बोल मिसळून देणे म्हणजे केवळ गोंधळ वाढवणे आहे. त्याने एकच बोल सलग, हळू आणि गुरूच्या नजरेखाली वाजवावा. आपण चार वर्षे शिकला आहात, कायदा तोंडपाठ आहे आणि हात एकदा सुटला की चालतो. आपण तो टप्पा ओलांडलेला आहे.

परंपरेने सांगितलेला सलग रियाज त्यामुळे चुकीचा ठरत नाही, हेही मी आग्रहाने सांगेन. एकच रेला (द्रुत लयीत सलग वाहणारी बोलांची रचना) पाऊण तास न थांबता वाजवण्याचा हेतू दमसास वाढवणे हा असतो. लांबलेल्या द्रुत लयीत मनगट आणि दंड न आखडता हात चालू राहावा ही तबलजीची वेगळी गरज आहे, आणि ती सलग वाजवल्याशिवाय भागणार नाही. फक्त आपण कोणत्या वेळी कोणत्या हेतूने बसलो आहोत हे स्पष्ट असावे. दमसासाचा रियाज करून स्मरणाची अपेक्षा धरली की आपल्याला आली तशी निराशा येते.

रचना कशी बदलावी हे आता नेमके सांगतो. आपला दीड तास तसाच ठेवा. बसल्याबरोबर थंड हाताने ती एक चाचणी. त्यानंतर पाऊण तास तीन गोष्टी आळीपाळीने घ्या: हा कायदा, एखादा तिरकिटचा रेला, आणि झपतालातील किंवा रूपकातील एखादी रचना, म्हणजे तालही बदलेल. प्रत्येक गोष्ट तीन-चार मिनिटेच वाजवावी, मग सोडून द्यावी, भले ती नुकतीच रंगात आलेली असो. परत त्या कायद्याकडे आलात की आधीच्या लयीला न चिकटता कधी ७०, कधी ९०, कधी तिगुनीच्या अंगाने सुरुवात करावी. उरलेल्या वेळातील वीस मिनिटे दमसासाला द्यावीत. सुरुवातीचे आठ-दहा दिवस आपल्याला वाटेल की वाजवणे मागे गेले आहे. त्या दिवसांत वहीतील आकड्यावर विश्वास ठेवावा, शेवटच्या दहा मिनिटांवर नको.

उरतात ती वीस-पंचवीस मिनिटे चुकीच्या जागेसाठी आहेत, आणि दीड तासात मला तीच सर्वांत मोलाची वाटतात. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पियानो शिकणाऱ्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना एका अवघड रचनेचा तीन मापांचा तुकडा दिला आणि वाटेल तितका वेळ सराव करू दिला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने तो सरावाशिवाय १५ वेळा वाजवला. कोणी किती वेळ सराव केला किंवा तुकडा किती वेळा वाजवला, याचा दुसऱ्या दिवशीच्या गुणवत्तेशी संबंध आढळला नाही. चुकीच्या आवृत्त्यांचे प्रमाण ज्यांच्या सरावात कमी होते ते वर आले. सर्वांत चांगले वाजवणारे तिघे चूक झाली की तिची नेमकी जागा शोधत, त्या जागेशी थांबत, लय हेतुपुरस्सर कमी-जास्त करत, आणि ती दुरुस्त झाल्यावरच पुढे जात. चुका त्यांच्याही झाल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा होऊ दिल्या गेल्या नाहीत, हा फरक होता.

आपल्या कायद्यात चूक कुठे आहे हे ‘तिट दबते’ एवढ्यावर थांबू नये. दिल्लीच्या निकासात ति मध्यमेने आणि ट तर्जनीने शाईवर (मधल्या काळ्या भागावर) पडतो, आणि लगेच पुढची धा त्याच तर्जनीला चाटेवर (कडेच्या पट्टीवर) वाजवायची असते. माझा अनुभव असा की बहुतेकांचे तिट सुटे वाजवले तर उत्तम असते. ट वाजवून तर्जनीला चाटेकडे वेळेत जायचे आहे या घाईने ती शाईवर अर्धवट पडते, आणि मग तिट दबल्यासारखे ऐकू येते. म्हणजे दुरुस्ती ‘ट धा’ या जोडाची करायला हवी. ‘तिट धा’ एवढाच तुकडा घ्यावा, तो स्वच्छ निघेल त्या लयीत काही वेळा वाजवावा, मग ‘धा धा तिट धा’, मग अर्धे आवर्तन, आणि लगेच पूर्ण कायद्यात परत बसवावा. तुकडा सुटा सुधारून बाजूला ठेवला तर कायद्यात तो पूर्वीसारखाच निघतो. खालीचेही तसेच आहे. ‘ता ता तिट’ येताच डग्गा बंद व्हायला हवा आणि पुढच्या ‘धा धा धिना’ला पुन्हा घुमायला हवा, चूक होते ती बंद करण्यात नसते, बहुधा ‘तिट’नंतर डावा हात परत उघडण्याच्या क्षणी असते. तो क्षण वेगळा काढून पाहावा.

हळू वाजवण्याविषयी एक सूचना. संथ लयीत बोट उंच उचलून, पूर्ण पंजा हलवून वाजवले तर चालून जाते. द्रुत लयीत तेवढा वेळच नसतो. म्हणून ५० च्या लयीत वाजवतानाही बोट १०० ला जेवढे उचलले जाते तेवढेच उचलावे. नाहीतर आपण दोन वेगळ्या हालचाली शिकतो आणि लय वाढवताना मध्येच एकीवरून दुसरीवर उडी मारावी लागते. बऱ्याच जणांचा हात ठरावीक लयीला अडकून बसतो त्यामागे हे कारण मी पाहिले आहे.

लहेऱ्याचे ॲप आपण सदैव चालू ठेवता, तेही थोडे बदलावे. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवले की प्रत्येक प्रयत्नानंतर अचूकतेची माहिती मिळणाऱ्यांपेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर ती मिळणाऱ्यांची हालचाल पुढे अधिक टिकते. सतत मिळणारा आधार चूक त्या क्षणी सावरतो, पण आपली आपल्याला चूक ओळखण्याची सवय त्यामुळे लागत नाही. लहेरा हा काही नेमका तसाच आधार नाही, तरी मी त्याला हाच विचार लावतो: काही आवर्तने लहेऱ्यासह, काही आवाज बंद करून, आणि पुन्हा चालू केल्यावर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) किती सरकली हे ऐकायचे. ध्वनिमुद्रण करून ऐकण्यापूर्वी कुठे चुकलो याचा अंदाज आधी स्वतः बांधावा, मग ताडून पाहावा.

लक्ष कुठे असावे, याचेही संशोधन आहे. गाब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगांतून वारंवार असे दिसले की शरीराच्या अवयवाकडे लक्ष ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष ठेवल्याने कौशल्य अधिक चांगले बसते. ड्यूक यांच्याच गटाने २०११ मध्ये कीबोर्डवर तसे पाहिले, तेव्हा बोटांपेक्षा नादाकडे लक्ष देणाऱ्यांचे वादन अधिक एकसारखे आले. गुरुजींसमोर बसल्यावर आपण बहुधा तर्जनीकडे पाहू लागता. त्याऐवजी ति आणि ट या दोन नादांचे वजन सारखे येते का, एवढेच ऐकावे. निकास दुरुस्त करण्याची वेळ मात्र याला अपवाद आहे. तेव्हा बोट कुठे पडते हे पाहावेच लागते.

इथवरचे तीन शब्दांत: अदलाबदल, जोड, नाद. आता तासांविषयी.

ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. पत्रांच्या वर्गवारीसाठी त्यांना टंकलेखन शिकवायचे होते. काहींना रोज एक तास, काहींना दोन तास एका बैठकीत किंवा दोन बैठकांत, आणि काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे चार तास, असे वेळापत्रक दिले. कळफलक आत्मसात करायला सर्वांत कमी तास लागले ते रोज एकच तास शिकणाऱ्यांना. पण दिवसांच्या हिशेबात ते मागे वाटत असल्यामुळे सर्वांत असमाधानीही तेच होते. तेव्हा तीन तासांची सोय असेल तर ते सकाळ-संध्याकाळ विभागावेत, आणि नसेल तर दीड तासाविषयी अपराधी वाटून घेऊ नये. अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ च्या अभ्यासानंतर हजारो तासांचे आकडे लोकांच्या तोंडी बसले. २०१४ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संगीतातील माणसामाणसांमधल्या फरकापैकी सुमारे २१ टक्के हेतुपूर्वक केलेल्या सरावाने स्पष्ट झाला. तो वाटा मोठा आहे, पण तास हे सर्वस्व असल्याचे त्यातून निघत नाही.

रात्री रियाज करून झोपणे यात गैर काही नाही. बोटांचे क्रम शिकवण्याच्या प्रयोगांत झोपेनंतर वेग वाढलेला आढळला आहे. त्यातील काही वाढ ही केवळ आदल्या रात्रीचा थकवा उतरल्यामुळे दिसते, असा आक्षेपही पुढे घेतला गेला. माझा सल्ला इतकाच की रियाजासाठी झोप कापू नये. लोकलमध्ये किंवा बसमध्ये पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत, आणि करताना हात मनातल्या मनात चालवावेत. अल्वारो पास्क्वाल-लिओने यांनी १९९५ मध्ये पियानोच्या पाच बोटांच्या पाठावर दाखवले की पाच दिवस फक्त मनात सराव केलेले लोक प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांपेक्षा मागे राहिले, पण नंतरच्या एकाच प्रत्यक्ष बैठकीत जवळजवळ त्यांच्या पातळीला आले. जोड चुकतो ती जागा पढंतीतही अडखळते का, हे तपासण्यासारखे आहे. अडखळत असेल तर दोष बोटांत नाही.

वर्गातील मोडण्याला आणखी एक साधे कारण असू शकते. घरचा तबला काळी एकच्या आणि वर्गातला काळी चारच्या पट्टीचा असेल, तर वर्गातल्याचे तोंड मोठे असल्याने चाटेपासून शाईचे अंतर बदलते, आणि ‘ट धा’च्या जोडाला नेमके तेच नडते. शिवाय लहेऱ्यासाठी हातांनी वाजवलेली पेटी ॲपसारखी काटेकोर चालत नाही. शक्य असल्यास आठवड्यातून एकदा दुसऱ्या तबल्यावर बसावे, जागा बदलावी, घरातल्या कोणाला तरी समोर बसवून थंड हाताने एकदाच वाजवावे.

तीन आठवड्यांनीही थंड हाताचा आकडा हलला नाही, तर रचना हे कारण नव्हते असे समजून गुरुजींना पूर्ण कायदा न ऐकवता फक्त ‘तिट धा’ संथ लयीत दाखवा आणि तर्जनीची जागा व मनगटाचा कोन पाहायला सांगा. बोटांत किंवा मनगटात दुखत असेल तर तास वाढवण्याचा विचार सोडून फिजिओथेरपिस्टकडे जावे. दुखत नाही, पण बोट आपोआप आत वळते आणि फक्त तबल्यावरच वळते, असे होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. वादकांमध्ये आढळणारा असा एक विकार आहे, आणि त्यात अधिक रियाज हा उपाय नसतो. यांपैकी काही नसेल, तर वहीतील तीन आठवड्यांचे आकडे आणि हात नेमका कोणत्या जोडावर अडतो हे इथेच लिहावे, म्हणजे पुढचे पलटे कोणत्या क्रमाने मिसळावेत हे सांगता येईल.